बाटलीतील बीज आणि रानातील आमरी

(कुर्ला येथे शिक्षक, अधिकारी व शेजारच्या जिल्ह्यांतून आलेले पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



कुर्ला हे नाव कुर्ली या खेकड्यावरून पडले, असे मानले जाते. आज या गजबजलेल्या वस्तीत कुर्ली शोधावी लागेल. नाव मात्र राहिले आहे. जीव जावा आणि नाव तेवढे उरावे, अशी वेळ आपल्या आमरींवर, म्हणजे ऑर्किडांवर, येऊ नये, यासाठी आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

पावसाच्या तोंडावर कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा घोस लोंबू लागतो. ती सीतेची वेणी. आसामने याच आमरीला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आपल्याकडे पुष्कळजण तिला बांडगूळ समजून ओरबाडतात. वस्तुतः ती झाडाचा केवळ आधार घेते. अन्नरस शोषीत नाही. मुंबई प्रांतातील आमरींची शास्त्रीय नोंद फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात करून ठेवली आहे. नोंद झाली, आता प्रश्न रक्षणाचा आहे.

आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. मग ती दुर्मिळ का? कारण हे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. ज्वारीच्या दाण्याबरोबर शिदोरी असते. आमरीचे बी रिकाम्या हाताने निघते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखविले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या आगरवर बुरशीवाचूनही बी रुजविले. आजच्या प्रयोगशाळांतील पद्धतीचा पाया तो हाच.

बोंड निर्जंतुक करून, स्वच्छ हवेच्या पेटीत उघडून, बी बाटलीत पेरतात. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हिरवे सूक्ष्म गोळे दिसतात. त्यांना पाने, मुळे फुटतात. मग रोपे नारळाच्या सोडणात व कोळशात लावून बाहेरच्या हवेला हळूहळू सरावतात. फूल येण्यास काही वर्षे लागतात. एकाच रोपाच्या तुकड्यापासून केलेली रोपे एकसारखी होतात. बियांपासूनची रोपे भावंडांसारखी वेगवेगळी असतात. रोग वा दुष्काळ आला असता हे वेगळेपणच जातीला तारते. म्हणून संवर्धनात बियांचे महत्त्व अधिक.

परंतु एक गोष्ट विसरू नये. बाटलीतून निघालेल्या रोपाला अखेर झाडच हवे. रस्तारुंदीकरणात जुना आंबा तुटला, परागीभवन करणारे कीटक नाहीसे झाले, तर प्रयोगशाळेने वाढविलेली हजार रोपे लावावयाची कोठे?

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे. तिच्या लोकनोंदवहीत गावातील आमरी आणि त्यांची आश्रयझाडे यांची नोंद करा. तुटावयाच्या झाडावरील आमरी वनखात्याच्या सल्ल्याने आधी हलवा. शिक्षकांनी मुलांना फूल तोडण्यास नव्हे, ओळखण्यास शिकवावे.

प्रयोगशाळा बी रुजवील. रान राखण्याचे काम मात्र आपले आहे.