अम्मीच्या चालीनं कोर्दोबा

जुनं शहर पाहावं ते पायी, आणि तेही म्हाताऱ्या आईच्या चालीनं. स्पेनमधल्या कोर्दोबात माझी अम्मी सोबत होती. गुडघे दुखरे. ग्वादलकिवीर नदीवरच्या रोमन पुलावर ती चारदा थांबली, म्हणून काठावरच्या जुन्या पाणचक्क्या तरी दिसल्या.

पलीकडे आठव्या शतकात पहिल्या अब्द अल-रहमाननं बांधायला घेतलेली मशीद. १२३६ पासून ते चर्च आहे. आत आठशेहून अधिक खांब, त्यातले कितीतरी जुन्या रोमन इमारतींमधले. तिथं नमाज पढता येत नाही, हे अम्मीला आधीच सांगितलं होतं. ती दुखावेल, अशी धाकधूक होती. एका खांबावर हात ठेवून ती म्हणाली, ‘‘सगळ्यांचंच ओझं उचललंय यानं. दमला असेल.’’

पुढं ज्यूंच्या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्ल्या. बाराव्या शतकात याच शहरात इब्न रुश्द आणि ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस जन्मले. तेव्हाच्या मुस्लिम राजवटीतच दोघांवरही शहर सोडायची वेळ आली. आज इथं दोघांचेही पुतळे आहेत.

अम्मीला हे सारं सांगितलं. पुतळ्याकडं पाहत ती म्हणाली, ‘‘त्यापेक्षा तेव्हाच राहू द्यायचं होतं ना, बेटा!’’