मोटारसायकलवरची तहान



चैत्र महिन्यात कार्ल्याच्या एकवीरा देवीची यात्रा भरते. मुंबई, ठाणे आणि रायगड भागांतून कोळी, आगरी आणि इतर अनेक समाजांची मंडळी देवीच्या दर्शनाला येतात. त्यांतली पुष्कळ तरुण मंडळी हल्ली मोटारसायकलवरून येतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा पनवेल, चौक, खोपोली, शिंग्रोबाचा घाट, खंडाळा, लोणावळा हाच जुना रस्ता त्यांना धरावा लागतो. दिवस चैत्राचे, ऊन डोक्यावर, आणि मागे आई नाहीतर बायको बसलेली. निघताना पेट्रोल किती लागेल याचा हिशेब प्रत्येक जण करतो. पाणी किती लागेल याचा मात्र फारसे कोणी करीत नाही. त्या हिशेबाविषयीच आज थोडे बोलायचे आहे.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना छागळ आठवत असेल. जाड कापडाची पाण्याची पिशवी. ट्रकवाले ती गाडीच्या पुढच्या बाजूला टांगीत. कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडून जाई, आणि उडता उडता आतले पाणी गार करी. पण मुक्कामाला पोचल्यावर पाहावे, तर कुठेही गळती नसताना छागळ रिकामी होत आलेली!

मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे अगदी तसेच होते. आपले शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. एक ग्रॅम घाम सुकताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. शेतात कुदळ मारणाऱ्याच्या कपाळावर घाम दिसतो, सदरा भिजतो, आणि तो आपण होऊन तांब्याकडे वळतो. गाडीवर मात्र वारा घाम आल्याबरोबर उडवून नेतो. अंग कोरडे राहते, वारा बरा वाटतो, आणि माणूस म्हणतो, ‘मला कुठे घाम आलाय?’ घाम आलेला असतो; तो दिसत नाही इतकेच. कडक उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी अंगातून सहज जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली, की अंगावर येणारा वारा उष्णता नेण्याऐवजी आणूनच टाकतो. म्हणून उन्हात बाह्या वर सारून गाडी चालवू नये. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घाम थोडा धरून ठेवतो आणि उन्हाचा चटकाही अडवतो.

आपल्या घाटात तर दोन प्रकारच्या हवा भेटतात. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. वर मावळात उन्हाळ्याची दुपार कोरडी. तिथे घाम चोरपावलांनी जातो. खाली कोकणाची हवा दमट. तिथे घाम वाहतो, पण सुकत नाही. म्हणजे पाणीही जाते आणि अंगही थंड होत नाही. ही दमट उष्णता साधी समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर दुपारी झालेल्या समारंभात १४ माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी पारा ४० अंशांवरही गेलेला नव्हता.

मग निघतानाच पोटभर पाणी पिऊन घेतले तर? त्याने भागत नाही. वळवणचे धरण पावसाळ्यात भरते, आणि तिथले पाणी वर्षभर खोपोलीच्या वीजघराला पुरवता येते; १९१५ सालापासून तसे चालले आहे. शरीराला असा साठा करता येत नाही. जास्तीचे पाणी ते तासा-दोन तासांत बाहेर टाकते. म्हणून थोडे थोडे, पण वारंवार प्यावे. तहानेची वाट पाहू नये. ती उशिरा लागते. त्यापेक्षा रस्त्याचे दगड मोजावेत. दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून एक पेला पाणी प्यावे. शिंग्रोबापाशी नाणे वाहायला थांबणारे पुष्कळ आहेत. तिथेच सावलीला दोन घोट घ्यावेत, आणि मागच्या माणसालाही द्यावेत.

मागच्या माणसाचे मुद्दाम सांगतो. वाटेत सोय नाही, म्हणून आपल्या बायाबापड्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. हा संकोच त्यांचा दोष नव्हे. गाडी चालवणाऱ्याने स्वच्छतागृह असलेला पेट्रोलपंप पाहून आपण होऊन थांबावे. त्यांना सांगावे लागू नये.

घामाबरोबर मीठही जाते. लांबच्या प्रवासात नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते. त्यावर आपल्या घरचेच उपाय आहेत: मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, पन्हे, कोकम. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घातले, की उत्तम पेय होते. साखर ही केवळ चवीसाठी नाही. तिच्यामुळे आतड्यातून मीठ आणि पाणी लवकर शोषले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर पटकीचे हजारो रोगी वाचवले. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दारूचे नाव उन्हाच्या प्रवासात नकोच. ती पाणी देत नाही, उलट काढून घेते.

अंगातले पाणी कमी झाल्याची खूण कोणती? तोंड कोरडे पडते, डोके दुखते, पोटरीत गोळा येतो, लघवी गडद पिवळी होते. त्याच्याही आधी लक्ष ढळू लागते. गिअर चुकतो, समोरच्या ट्रकचा अंदाज चुकतो, वळण उशिरा ध्यानात येते. घरी बसलेल्या माणसाला अशा वेळी ग्लानी येईल, एवढेच. घाटाच्या वळणावर तेवढी ग्लानी जिवावर बेतते. अशी खूण दिसताच गाडी बाजूला घ्यावी, हेल्मेट काढावे, सावलीत बसून पाणी प्यावे, आणि बरे वाटल्यावरच पुढे निघावे. कोणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. दोन सारखे रुमाल सारखेच भिजवा. एक बंद खोलीत ठेवा, एक वाऱ्यावर टांगा. अर्ध्या तासाने मुलांना ते हाताळायला द्या. वाऱ्यावरचा रुमाल कोरडा झालेला पाहिला, की घामाचे पाणी कुठे जाते हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही. आणि संध्याकाळी घरी जाऊन तीच मुले वडिलांच्या गाडीला पाण्याची बाटली अडकवायची आठवण करतील.