खालाच्या घराचा पत्रा आणि माझा एसी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधा नियम असतो. ज्याच्या कोडमुळे सिस्टीम बंद पडली, त्यानेच रात्री जागून ती सुरू करायची. हवामान बदलात मात्र चूक एकाची आणि जागरण दुसऱ्याला, असं चाललं आहे.

2022 च्या पुरात पाकिस्तानात 1,700 हून अधिक माणसं गेली. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात त्या देशाचा वाटा 1 टक्क्याहून कमी आहे. 'जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही' हे तत्त्व जगाने 1992 सालीच मान्य केलं होतं. तरी नुकसानभरपाईच्या निधीला होकार मिळायला 2022 ची शर्म अल-शेखची परिषद उजाडली. पुढच्या वर्षी दुबईत त्यासाठी जाहीर झाले सुमारे 70 कोटी डॉलर. त्या एका पुराचं नुकसान होतं 3,000 कोटी डॉलरच्या घरात!

हा हिशेब आपण श्रीमंत देशांपुढे मांडायलाच हवा. पण तोच हिशेब माझ्या घरात मांडला तर?

माझी खाला पत्र्याच्या घरात राहते. मे महिन्यात रात्री अकरालाही तिचा पत्रा निवत नाही. मी एसीत बसून कोड लिहितो आणि ती वीज मुख्यतः कोळशाची असते. भारताचं दरडोई उत्सर्जन अमेरिकेच्या साधारण सातव्या भागाएवढं आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ही सरासरी खाली राहते ती खालासारख्या कोट्यवधी लोकांमुळे. त्यांच्या आडोशाला मी लपलेलो असतो.

मग करायचं काय? अहमदाबादचं उदाहरण घ्या. मे 2010 च्या उष्णतेत तिथे नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू जास्त झाले. 2013 मध्ये पालिकेने उष्णता कृती आराखडा केला. त्यात आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय होती. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंगही दिला गेला. यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. पालिकेने जबाबदारी आपली मानली, हे महत्त्वाचं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही भावंडांनी खालाच्या पत्र्याला पांढरा रंग दिला. घर थोडं निवलं. मी खुशीत होतो. खाला म्हणाली, "बेटा, बाजूवाल्यांचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गल्लीतला प्रत्येक पत्रा मी रंगवू शकत नाही. ते काम धोरणाचं आहे. म्हणून आपल्या पालिकेत अर्ज करा. विचारा, उष्णता आराखडा आहे का? त्यासाठी बजेटमध्ये किती पैसे ठेवलेत? पत्र्याची घरं त्यात धरली आहेत का?

खैरात आणि कर्ज यांतला फरक आपल्याला घरात लहानपणीच शिकवतात. खैरात मर्जीने देता येते. कर्ज फेडावंच लागतं. खालाच्या गल्लीचं आपण देणं लागतो.