शिरस्त्राणाचा रंग

कवी माणसाला परीक्षक म्हणून बोलावताना लोक फारसा विचार करत नाहीत. रांगोळी असो, वक्तृत्व असो की निबंध असो, 'सर, तुम्हीच या' म्हणतात आणि आपणही जातो. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या मुरुममधल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी असाच गेलो. स्पर्धा मात्र निराळी होती. सिनेमात पाहिलेली एखादी वस्तू मुलांनी घरी हुबेहूब तयार करून आणायची होती. टेबलावर तलवारी होत्या, कंदील होते, एक बैलगाडी होती आणि तीन शिरस्त्राणं होती. त्या तीन शिरस्त्राणांनी मला जो धडा दिला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

तिघांपैकी दोन मुलांनी 'स्टार वॉर्स' या इंग्रजी सिनेमातल्या डार्थ व्हेडर नावाच्या खलनायकाचं काळं शिरस्त्राण केलं होतं. तिसरं एका मुलीचं होतं. जुन्या ऐतिहासिक मराठी चित्रपटातल्या शिपायाचा लोखंडी टोप. माझ्या हातातल्या कागदावर तीन रकाने होते : रंगाचा अचूकपणा, वापरल्याच्या खुणा आणि मेहनत. प्रत्येकाला 10 गुण.

पहिल्या मुलाचं शिरस्त्राण आरशासारखं चकाकत होतं. काळाभोर रंग, कुठं ओघळ नाही, कुठं बुडबुडा नाही. दुसऱ्याचं बघून माझ्या कपाळाला आठी पडली. मुखवट्याचा काही भाग काळा आणि काही भाग करडा, बंदुकीच्या नळीसारखा. नाकाच्या दोन्ही बाजूही एकसारख्या नव्हत्या. मला वाटलं, पोराचा रंग संपला असणार. मी लिहिलं, 'रंग एकसारखा नाही', आणि 10 पैकी 4 गुण दिले. तो मुलगा समोर उभा होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण मी पुढच्या टेबलाकडे वळलो होतो. पहिलं बक्षीस चकाकणाऱ्या शिरस्त्राणाला गेलं.

रात्री जेवताना हा प्रसंग मी घरात हसत हसत सांगितला. माझा पुतण्या या सिनेमांचा भक्त. तो हसला नाही. त्यानं मोबाईलवर छायाचित्रं काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, ''चाचा, तुम्ही त्या पोराचं नुकसान केलं.''

हा सिनेमा पहिल्यांदा आला 1977 मध्ये. त्यातल्या डार्थ व्हेडरचा मुखवटा खरोखरच दोन रंगांचा होता, काळा आणि करडा. पडद्यावर तो काळाच वाटतो. करड्या भागांमुळं उजेड कुठं धरला जातो, कुठं परतवला जातो, आणि चेहऱ्याला खोली येते. ब्रायन म्यूर नावाच्या शिल्पकारानं तो आधी मातीत हातानं घडवला होता, म्हणून त्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नाहीत. पुढं 2005 च्या सिनेमात तोच मुखवटा नव्यानं तयार झाला, तेव्हा तो दोन्ही बाजूंनी सारखा आणि सगळा काळा चकचकीत झाला. म्हणजे पहिला मुलगाही चुकला नव्हता. त्यानं 2005 चं शिरस्त्राण केलं होतं, दुसऱ्यानं 1977 चं. चुकलो होतो मी. 'कोणत्या सिनेमातलं, बाळ?' एवढं विचारायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

त्या रात्री मला माझे मामू आठवले. ते दुकानांच्या पाट्या आणि पत्र्याच्या ट्रंका रंगवायचे. जत्रेत नाटक असलं की पडदे, ढाली आणि मुकुटही त्यांच्याकडे यायचे. नवा कोरा मुकुट ते रंगमंचावर जाऊ देत नसत. ते म्हणायचे, जिथं हात लागतो तिथला रंग उडतो, जिथं पाणी थांबतं तिथं गंज चढतो, आणि जिथं फडकं पोचत नाही तिथं धूळ बसते. याच्या उलट केलं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते खोटं वाटतं. त्याला कारण सांगता येणार नाही, पण वाटतं.

जुनेपणा रंगवण्याची ही विद्या जगभर आहे. 'स्टार वॉर्स'च्या दिग्दर्शकाला, जॉर्ज ल्यूकस यांना, आपलं काल्पनिक जग वापरलेलं, मळलेलं दिसायला हवं होतं. 1980 च्या भागात बोबा फेट नावाचा भाडोत्री शिकारी येतो. त्याचं शिरस्त्राण पोचलेलं आहे, हिरव्या रंगाचे टवके उडून खालचा चंदेरी थर दिसतो. त्याची नक्कल करणारे हौशी लोक आधी चंदेरी रंग देतात. तो वाळला की टवके हवेत तिथं टूथपेस्टचे ठिपके लावतात आणि वरून हिरवा रंग मारतात. मग पेस्ट धुऊन टाकली की टवका तयार. युक्ती सोपी आहे. अवघड आहे ते टवका कुठं उडवायचा हे ठरवणं. प्रत्येक ओरखड्याला 'तू कसा आलास?' असं विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर पाहिजे.

आता त्या मुलीचा टोप. तिनं जुनं घमेलं ठोकून तो केला होता. कडेला गंज होता, पण पुढची कड, जिथं धरून टोप डोक्यावरून काढतात, ती घासून उजळ झालेली. मी तो उलटा केला. आत कापडाचं अस्तर होतं आणि कपाळाच्या जागी घामाचा पिवळा डाग. एक शिक्षक माझ्या कानात म्हणाले, ''सर, शूर शिपायाच्या टोपाला गंज शोभतो का?'' मी म्हणालो, ''पावसाळ्यात गड चढणाऱ्याच्याच टोपाला तो शोभतो.'' तिला मी दुसरं बक्षीस दिलं. मामूंचा नियम तिथं आठवला. दुसऱ्या मुलाच्या टेबलापाशी नेमका आठवला नाही.

त्या टोपाच्या रंगाचं काय, हा प्रश्न उरतोच. चित्रपट काळापांढरा, मग रंग अचूक आहे हे कशावरून ठरवायचं? आपल्याकडचे जुने कलावंत या प्रश्नाशी रोज झगडले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवून सिनेमाकडे आले. त्यांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' आणि 1923 मध्ये 'सिंहगड' हे मूकपट काढले. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटे आणि निळा फिका पडे. डोळ्याला जे बरोबर दिसे ते पडद्यावर चुकीचं ठरे. त्यांच्याच तालमीत तयार झालेले कागलचे शेख फत्तेलाल 1929 मध्ये 'प्रभात'चे एक संस्थापक झाले, तिथल्या कलादिग्दर्शनाची धुरा त्यांनी वाहिली. 'प्रभात'नं 1933 मध्ये 'सैरंध्री' पुन्हा, या वेळी रंगीत केला. प्रती जर्मनीत छापून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 1936 चा 'संत तुकाराम' पाहा. त्या घराच्या भिंती, ती भांडी, ती घोंगडी. काल बाजारातून आणल्यासारखं त्यात काहीच वाटत नाही. व्हेनिसच्या महोत्सवात परक्या लोकांनी त्याचा गौरव केला, त्यात या वापरलेल्या वस्तूंचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

म्हणून नकलेचा रंग तपासताना 'मूळ वस्तू' म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला हवं. कारागिराच्या हातातली वस्तू, दिव्यांच्या झोतातली वस्तू आणि पडद्यावरची वस्तू, या तिन्हींचे रंग वेगळे असतात. आणि मी तर शाळेच्या ट्यूबलाइटखाली, आठवणीतल्या पोस्टरवरून निकाल दिला होता.

26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापकांकडून मी दोन मिनिटं मागून घेतली. सगळ्या मुलांसमोर सांगितलं, की परीक्षकाची चूक झाली, या मुलाचा रंग बरोबर होता. बक्षीस परत घेणं योग्य नव्हतं, पहिल्या मुलाचं काम चांगलंच होतं. माझ्याकडचा वॉटर कलरचा डबा मी दुसऱ्याला दिला. त्याला विचारलं, ''तो करडा रंग आणलास कुठून?''

''काळा रंग वाळल्यावर वरून शिसपेन्सिलीची पूड घासली, सर. बोटानं.''

''मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?''

''सांगणार होतो. पण तुम्ही पुढं गेलात.''

त्याच्या बोटाची ती पूड एव्हाना धुऊन गेली असेल. मला मात्र यंदाही परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी कागदावर आधी चौथा रकाना आखून घेतला : 'मुलाला विचारलं का?' त्याला गुण नाहीत. तो माझ्यासाठी आहे.