एकटीचं घर, पुरं घर



मघाशी माझी ओळख करून देताना माझं शिक्षण, नोकरी, पद सगळं सांगून झालं. एक गोष्ट राहिली, ती मीच सांगते. मी लग्न केलेलं नाही. ना. म. जोशी मार्गावरच्या एका खोलीत मी वाढले. माझे वडील त्याला शेवटपर्यंत डिलाईल रोडच म्हणायचे. आज अठ्ठावन्नाव्या वर्षी मी माझ्या स्वतःच्या घरात एकटी राहते. स्नेहसंमेलनात हा विषय कशाला, असं काही पालकांना वाटेल. पण समोर बसलेल्या मुलींपैकी काहीजणी पुढे एकट्या राहणार आहेत. कुणी ठरवून, कुणी न ठरवता. त्यांच्याशी याबद्दल वेळेवर कुणीतरी बोलायला हवं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. आमच्या घरात त्यानंतरचा नियमित पगार आला तो माझा. धाकटी भावंडं त्यावर शिकली. म्हणून नातेवाईक अजून म्हणतात, ‘हिनं घरासाठी त्याग केला.’ त्यांचं प्रेम मला कळतं, पण हे खरं नाही. भावंडं मार्गी लागली तेव्हा मी तिशीत होते, स्थळं येत होती, आणि मी नको म्हटलं. काम आवडत होतं, संध्याकाळ माझी होती, मला असंच जगायचं होतं. एवढं कारण पुरेसं आहे, हे मोठ्यानं म्हणायला मात्र फार वर्षं लागली. बाई एकटी असेल तर लोकांना तिच्या आयुष्यात एक तर दुःख सापडावं लागतं, नाहीतर त्याग. ‘मला हे आवडतं’ असं म्हटलं की समोरचा गप्प होतो.

आणि हे सगळं कुठे, तर लोअर परळला! जिथे एकट्या कमावत्या बायांची परंपरा आपल्या आज्यांच्याही आधीपासूनची आहे. तुम्ही ज्या मॉलमध्ये सिनेमाला जाता, तिथे फिनिक्स मिल होती. इथल्या गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करत. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत पाचातली एक बाई होती. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, 1929 ला कायदा झाला. पुढे नवी यंत्रं आली, तीन पाळ्या आल्या, बायकांना रात्रपाळी बंद, आणि गिरण्यांनी त्यांच्या जागा कमी करत नेल्या. या कामकरी बायकांत कितीतरी विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या.

ज्या बायांना गिरणीत काम नव्हतं त्यांनी खाणावळी चालवल्या. कोकणातून, घाटावरून आलेले, बायकापोरं गावी ठेवून राहिलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. 1982 च्या आधीच्या संपांतही याच बायांनी उधारीवर त्यांना जेवू घातलं. वाण्याचं आणि सावकाराचं व्याज त्यांच्या डोक्यावर चढलं. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पहाटेपासून स्टोव्हपाशी बसणारी बाई बँकेत जाऊन स्वतःच्या नावानं कर्ज काढते, अंगठा उठवायच्या जागी सही करायला शिकते, ही माझ्या लेखी या भागातली फार मोठी घटना आहे. गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण पुढाऱ्यांची नावं घेतो. या बायांचीही घ्यायला हवीत.

या एकट्या बायांनी ते एकटेपण निवडलं नव्हतं. ज्यांनी ते निवडलं, त्यांत मला लेखिका दुर्गाबाई भागवत फार जवळच्या वाटतात. 1910 चा जन्म, लग्न केलं नाही. आदिवासींचा अभ्यास करताना विषबाधा होऊन तारुण्यातली काही वर्षं अंथरुणात गेली. तिथून उठून त्यांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ लिहिलं. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्या रोज वाचत बसायच्या. स्वयंपाक, भरतकाम यांतही त्यांना तितकीच गोडी होती. 1975 मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या, 1976 मध्ये त्यांना अटक झाली आणि आपल्या इथून हाकेच्या अंतरावरच्या आर्थर रोड तुरुंगात ठेवलं. पासष्टी ओलांडलेली, एकटी बाई! त्यांचं आयुष्य मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा ‘कुणीतरी हवं होतं हिला’ असं मनात येत नाही.

एकटं राहणं सोपं आहे, असं मी सांगणार नाही. ताप भरलेल्या रात्री घरात पाणी द्यायला कुणी नसतं. भाड्यानं घर बघायला गेले तेव्हा एका घरमालकानं ‘घरात पुरुष कोण?’ विचारून दार लावून घेतलं. दिवाळीच्या पाडव्याला अजूनही मन थोडं उतरतं. पण अशा रात्री माझ्या शेजारणीकडे माझ्या घराची किल्ली असते. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी, भाची, वाचनालयातल्या आजी, ही माणसं मी जोडली, वेळ देऊन, त्यांच्या अडीअडचणीला जाऊन. नातं रक्ताचं असो वा नसो, ते राखावं लागतं. लग्न झालेल्यांनाही ते चुकत नाही.

मुलींनो, पहिल्या पगाराचं खातं स्वतःच्या नावानं उघडा. आरोग्य विमा तरुणपणीच काढा. घर घ्याल तेव्हा कागद स्वतः वाचा, नॉमिनीचं नाव विचार करून लिहा, मृत्युपत्र करा. मग लग्न करा, नाहीतर करू नका. पण लग्न होईपर्यंतचे दिवस म्हणजे नुसतं थांबणं, असं समजून ते ढकलू नका. चांगले पडदे, आवडती भांडी, गाण्याचा क्लास, हिमालयातला प्रवास, यांतलं काहीही ‘नंतर’साठी ठेवू नका.

मुलग्यांनो, तुमच्या घरातली अविवाहित आत्या किंवा मावशी दवाखान्याच्या फेऱ्यांना आणि मुलं सांभाळायला सदैव मोकळीच आहे, असं धरून चालू नका. तिला तिचं काम आहे.

आणि पालकहो, तुमची मुलगी पहिला पगार घेऊन घरी येईल, तेव्हा त्या दिवशी तिच्या कामाबद्दल विचारा. ती काय करते, तिला त्यात काय जमतं, काय जड जातं, हे बसून ऐका. लग्नाचा विषय त्या दिवशी काढू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.