जलोदराचें पाणी



जलोदर हा शब्द आपल्या घरांत अपरिचित नाहीं. पोटांत पाणी साठतें. डॉक्टर तें सुईनें काढतात. रोग्यास चार दिवस बरें वाटतें आणि पाणी पुनः भरतें. यकृताच्या विकारांत हें घडतें, तसेंच स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगांतही घडतें. हें पाणी म्हणजे रोगाचा परिणाम, इतकेंच आपण समजतों. परंतु तें रोगाचें पोषणही करतें.

मूळ अर्बुदापासून सुटलेल्या पेशींचे पुंजके या पाण्यांत तरंगत असतात. पुराबरोबर बीं वाहत जावें तसे ते पोटभर फिरतात, आणि आंतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्यावर रुजतात. १९८८ सालीं गॉर्डन मिल्स व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, अशा रोगिणींच्या पोटांतील पाणी प्रयोगशाळेंत कर्कपेशींना दिलें असतां त्या वाढीस लागतात. १९९५ सालीं त्यांतील चेतक द्रव्य ओळखलें गेलें. लायसोफॉस्फॅटिडिक अॅसिड हें त्याचें नांव. नवल असें कीं, जखम भरून काढण्याच्या कामींही शरीर हाच स्निग्ध पदार्थ वापरतें. घराच्या डागडुजीचें सामान येथें चोराच्या हातीं लागतें!

शिवाय अर्बुदाच्या पेशी एक प्रथिन सोडतात. त्यानें रक्तवाहिन्या पाझरूं लागतात. पाझर वाढला कीं पाणी वाढतें, आणि पाण्याबरोबर पेशी फोफावतात. बेव्हॅसिझुमॅब हें आजचें औषध याच प्रथिनास अडवितें.

पूर्वी कर्करोगाच्या कांहीं रोग्यांच्या पोटांतील पाणी नळीनें मानेच्या शिरेंत सोडीत. त्यासरशी असंख्य कर्कपेशी रक्तांत जात. तरीही पुष्कळांच्या इतर अवयवांत नवीं अर्बुदें उद्भवलीं नाहींत, असें डेव्हिड टॅरिन प्रभृतींनीं १९८४ सालीं नोंदविलें. बीं सर्वत्र पडलें, पण मानवणारी जमीन सर्वत्र मिळाली नाहीं.

म्हणून भगिनींनो, एक विनंति. पोट फुगणें, दोन घांसांतच तृप्ति होणें, ओटीपोट दुखणें, लघवीस वारंवार जावें लागणें, हीं लक्षणें नव्यानें सुरू होऊन कांहीं आठवडे टिकलीं, तर 'वायु झाला असेल' म्हणून ओवा खाऊन स्वस्थ बसूं नका. बहुधा कारण साधेंच निघेल. पण घरांतील सर्वांचें दुखणें पाहणारी स्त्री स्वतःचें दुखणें मागें टाकते, आणि हा रोग नेमका त्याच विलंबाचा फायदा घेतो.