मनात आलेला प्रत्येक विचार खरा नसतो



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा इंजिनिअर आहे. तरीही आज नैराश्यावर बोलणार आहे, कारण आपल्या घरांत या आजाराचं नावच घेतलं जात नाही. ‘ईमान कमजोर झालंय’, ‘लग्न करून द्या, ठीक होईल’, इथेच विषय संपतो.

खरं तर बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि कारण न सापडणारी उदासी वेगळी, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या प्रकाराचं मूळ त्यांनी शरीरात शोधलं. घरात औषधं ठेवतो तसे मनासाठी चांगले विचार आधीच तयार ठेवावेत, असंही ते सांगतात. उदासीवर उपचार घेणं ही काही आजची फॅशन नाही.

आता आधुनिक उपचाराकडे येऊ. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात पाहिलं, की नैराश्यातल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल काळे विचार आपोआप येतात. ते इतके झटपट येतात की माणूस ते तपासतच नाही, खरेच धरतो. ते तपासायला शिकवणारी पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, थोडक्यात सीबीटी.

उदाहरण घेऊ. एक तरुण भाड्याने घर शोधतोय. फोनवर सगळं ठरतं, आणि नाव सांगितलं की ‘घर गेलं’ असं उत्तर मिळतं. असं चार वेळा झाल्यावर तो खोलीत पडून राहतो. मनात एकच : ‘माझ्यातच खोट आहे, माझं काहीच होणार नाही.’

सीबीटी त्याला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं सांगत नाही. भेदभाव झालाच नाही, असंही म्हणत नाही. ती घटना आणि तिच्यातून काढलेला निष्कर्ष वेगळे करते. घर नाकारलं, ही घटना. ‘मी नालायक आहे’ हा निष्कर्ष. त्याला पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? हेच मित्राच्या बाबतीत झालं असतं, तर त्याला नालायक म्हटलं असतं का? हे सगळं वहीत लिहायचं. नाकारणाऱ्याची चूक नाकारणाऱ्याच्या खात्यात गेली, की त्याच्याशी भांडायलाही बळ उरतं.

दुसरा भाग कृतीचा. मन लागेल तेव्हा उठू, असं म्हणून बसलं तर दिवस जातात. म्हणून आधी छोटं काम ठरवायचं : दहा मिनिटं चालणं, एका मित्राला फोन. मन मागून येतं.

हे फक्त मोठ्या शहरातल्या महागड्या क्लिनिकमध्येच होतं, असं नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत मुख्यतः हाच कृतीचा भाग शिकवला. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

मर्यादाही सांगतो. आजार तीव्र असेल तर गोळ्या लागू शकतात. त्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. उदासी, झोप-भूक बिघडणं, कशातच रस नसणं, हे दोन आठवडे टिकलं तर तज्ज्ञाकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

नमाज पढणाऱ्यालाही मधुमेह होतो आणि तो इन्सुलिन घेतो. त्याचं ईमान आपण मोजत नाही. नैराश्य आलेल्या भावा-बहिणीचंही मोजू नका. त्यांच्यासोबत दवाखान्यापर्यंत चला.